पडद्यावर मी लिहिलेलं वाक्य

मागच्या भाद्रपदात छातीत दुखू लागलं म्हणून मुलानं मला भोरच्या दवाखान्यात नेलं. दवाखाना एका धर्मादाय ट्रस्टचा आहे. निवृत्तीनंतरची काही वर्षं मी तिथंच संगणक विभागात नोकरी केली, पण आता मला ओळखणारं तिथं फारसं कुणी उरलेलं नाही. आत घेऊन शर्ट काढायला लावला, छातीवर गार जेल लावून वायरी चिकटवल्या. टेक्निशियननं बटण दाबलं आणि पडद्याकडं बघत तो थांबला.

"हलू नका काका. अडकलंय जरा."

"काय अडकलंय?"

"कॉम्प्युटर. वरनं काहीतरी चाललंय."

"वरनं म्हणजे कुठनं?"

"कुणास ठाऊक! पूर्वी हितंच एक म्हातारबुवा बसायचे म्हणं, ते करायचे सगळं. आता पुण्यातनं करतात का आणिक कुठनं, आपल्याला काय कळतंय? त्यांनी करायचं, आपण थांबायचं."

पडद्याच्या कोपऱ्यातली छोटी निळी खूण मी ओळखली; दुसरीकडून कुणी संगणक चालवत असलं की ती उमटते. ते म्हातारबुवा मीच, हे त्याला सांगितलं नाही. छतावरचा पंखा बघत पडून राहिलो. थोड्या वेळानं पडदा सुटला, आलेख निघाला आणि डॉक्टरांनी पित्त आहे म्हणून गोळ्या दिल्या. मुलगा बाहेर हसत आला. मला हसू येईना. वेल्ह्याच्या डोंगरात एक माणूस असाच वायरी लावून पडला होता आणि त्याच्या उशाचा पडदा भोरात बसून मी बंद पाडला होता. त्याचा दोष एका बाईवर गेला. तिच्यावरचा तो दोष पुरता काढायचा राहिला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. खांब, तारा, डबे, वीज पडून जळालेली एक्स्चेंजं, यांत केस पांढरे झाले. निवृत्त झालो तेव्हा ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांनी बोलावून घेतलं. मुख्य दवाखाना भोरला, एक शाखा हायवेवर कामथडीजवळ, एक वेल्ह्यात आणि एक वेल्ह्याच्याही पुढं, डोंगराच्या पोटातल्या एका गावात. त्या गावाचं नाव लिहीत नाही. सगळीकडं संगणक बसवले होते आणि ते सांभाळायला माणूस हवा होता.

सुरुवातीला मी स्वतः फिरायचो. पिशवीत पेचकस, वायर, चिकटपट्टी. नसरापूरहून वेल्ह्याची एसटी धरायची आणि पुढं जीप मिळाली तर जीप. डोंगरातल्या त्या शाखेत दोन खोल्या, कौलावर नेटची डिश आणि एक सिस्टर होती. ती उत्रोलीची सून. नवरा शेतीला उत्रोलीत, ही मुलीला घेऊन दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायची. आठवड्यातून एकदा डॉक्टर येत, बाकीचे दिवस सगळं तिच्यावर. छातीचा आलेख काढायचा एक डबा तिच्याकडं होता. तो संगणकाला जोडलेला असायचा. कागद निघायचा नाही. आलेख पडद्यावर उमटायचा, भोरला जायचा आणि भोरचे डॉक्टर तो बघून फोनवर सांगायचे, अमुक गोळी द्या, किंवा गाडीत घालून आणा. पडदा चालू नसेल तर तो डबा म्हणजे नुसता डबा.

पहिल्याच वर्षी मी तिला एक गोष्ट शिकवली. ती मला टेलिफोन खात्यानं शिकवली होती.

"सिस्टर, डोंगरात वीज आधी वायर शोधते. गडगडलं की दोन्ही वायरी उपटायच्या. लाइटची आणि नेटची."

"आन् पेशंट आला तर?"

"पेशंट आला तर जोडायच्या. जोडायला कितीसा वेळ लागतो?"

"आन् तेवढ्यात वीज पडली तर?"

"तर मशीन जाईल. नवीन देऊ. तुम्ही लांब उभ्या राहा."

ती हसली होती. पण तेव्हापासून तिनं तो नियम देवाचा नेम असावा तसा पाळला. वळवाचे दिवस असोत की परतीचा पाऊस, गडगडाट सुरू झाला की वायरी काढून संगणक गोधडीत गुंडाळायची आणि वरून खताची प्लास्टिकची पिशवी बांधायची. त्या पंचक्रोशीत विजेनं टीव्ही जळाले, मोटारी जळाल्या, शाळेचा संगणक जळाला. तिचा जळाला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग सेंट्रल आलं.

त्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण दवाखान्यात सगळे सेंट्रलच म्हणत. पुण्याच्या कंपनीच्या माणसानं ते बसवून दिलं. माझ्या टेबलासमोर भिंतीवर मोठा टीव्ही लावला. त्यावर आमच्या चारही ठिकाणचा प्रत्येक संगणक एका ठिपक्याच्या रूपात दिसे. चालू असेल तर हिरवा, संपर्कात नसेल तर करडा. ठिपक्यावर बाण नेऊन दाबलं की आतलं सगळं दिसे. कुणी काय उघडलंय, शेवटचं बटण कधी दाबलं. खुर्चीतून न उठता कुठलाही संगणक बंद करता यायचा, दुरुस्त करता यायचा, त्याला कुलूप घालता यायचं.

औषधाच्या खिडकीतला कंपाउंडर येताजाता टोमणा मारायचा, "काय काका, आम्ही पत्ते खेळतो तेपण दिसतं का?"

"दिसतं. काल तू हरलास."

"आयला! म्हणजे चित्रगुप्तच बसवलाय की भिंतीवर."

सगळे हसायचे. पण त्यानंतर त्यानं पत्ते उघडले नाहीत आणि मी समोरून गेलो की तो गप्प व्हायचा. हळूहळू बाकीचेही गप्प होऊ लागले. मला ते लक्षात आलं होतं. वाईट वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

डोंगरातल्या सिस्टरचा त्या दिवसांत एकदा फोन आला. आवाज दबलेला होता.

"काका, बाण आपोआप हलतोय. म्या हात बी लावला न्हाई."

"मीच आहे, सिस्टर. इथून दुरुस्ती करतोय."

"तुमी? मग मला सांगून तरी करायचं. म्या पोरीला घेऊन बाहेर येऊन उभी राहिले."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "आता तुमी इकडं येणार न्हाई का?"

"काम पडलं तर येईन की."

काम पडलंच नाही. सेंट्रल आल्यापासून मी त्या डोंगरात पुन्हा गेलो नाही. गुडघे दुखत होते, एसटीत बसून कंबर धरायची, हे सगळं खरं आहे. पण खुर्चीत बसून सगळं दिसत होतं, हेही खरं आहे.

एकदा कामथडीच्या शाखेतला लॅपटॉप गेला. तिथला कारकून तो सातारच्या गाडीत विसरला होता. सेंट्रलमध्ये त्याची सोय होती. एखादं यंत्र यादीतून काढून टाकलं, की ते पुन्हा कुठंही नेटला जोडलं गेल्याबरोबर आपोआप कुलूपबंद होई आणि पडद्यावर आपण लिहून ठेवलेला मजकूर येई. दुसरं काही उघडत नसे. रुग्णांची माहिती चोराच्या हाती पडू नये म्हणून. तो मजकूर काय असावा हे कंपनीनं माझ्यावर सोडलं होतं. मी मराठीत, मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं:

हे यंत्र चोरीचे आहे. ज्याच्या ताब्यात असेल त्याने ताबडतोब खालील नंबरवर फोन करावा.

खाली माझा मोबाईल नंबर.

दोन दिवसांनी सारोळ्याच्या पुलाजवळच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. घाबरलेला होता. "साहेब, गिऱ्हाईक टेबलावर सोडून गेलं. पोरानं उघडलं तर ते आमच्यावरच डोळं वटारतंय. आमी चोर न्हाई हो." लॅपटॉप परत मिळाला. सेक्रेटरीसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मजकूर जरा सौम्य करावा असं त्या हॉटेलवाल्याच्या आवाजावरून मला वाटलं होतं. केला नाही. कामाला आला होता, राहू दिला.

त्या वर्षी घटस्थापनेपासूनच परतीचा पाऊस विजा घेऊन आला. दुपार कलली की डोंगराकडचं आभाळ काळंनिळं व्हायचं आणि संध्याकाळभर तिकडं नुसतं लखलखायचं. भिंतीवरचा तिकडचा ठिपका करडा झाला आणि करडाच राहिला. मला कारण माहीत होतं. गोधडी, खताची पिशवी. खंडेनवमीला तिनं संगणकाला हळदकुंकू वाहिलं आणि पुन्हा गुंडाळून ठेवला, हे तिनंच मला फोनवर सांगितलं. "शस्त्राची पूजा केली काका. तुमच्या नावानंबी दोन फुलं वाहिली," म्हणाली.

दसरा झाला आणि ट्रस्टला देणगी देणारे काही मोठे पाहुणे मुंबईहून येणार असं ठरलं. त्यांना सेंट्रल दाखवायचं होतं. डोंगरातला दवाखानासुद्धा भोरातून कसा चालतो ते. आदल्या दिवशी सेक्रेटरीसाहेब माझ्या खोलीत आले आणि भिंतीकडं बघत उभे राहिले.

"हा करडा काय आहे?"

"डोंगरातली शाखा, साहेब. विजा चालू आहेत. सिस्टर वायर काढून ठेवते."

"मग उद्या मी पाहुण्यांना विजा समजावत बसू का? भिंत हिरवी पाहिजे."

"तिला फोन करून जोडायला सांगतो."

"तिथं फोन लागतो का कधी? काहीतरी करा हो. तुमच्या हातात आहे ना सगळं?"

माझ्या हातात होतं. फोन लागायला त्रास होता हे खरं, पण मी एकदाच लावून बघितला. गावात रेंज फक्त देवळाच्या पायरीवर मिळायची, म्हणजे ती पायरीवर असेल तरच लागणार. दुसरा उपाय सोपा होता. ठिपका यादीतूनच काढला की भिंतीवर करडं काही राहणार नव्हतं. पाहुणे गेले की परत घालता आला असता. मी 'काढा' दाबलं. सेंट्रलनं विचारलं, नक्की काढायचं? मी 'होय' दाबलं. काढलेलं यंत्र पुन्हा जोडलं गेलं तर काय होतं, हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी दाबलं.

भिंत हिरवी झाली. डोळ्यांना फार बरं वाटलं ते.

पाहुणे आले त्या दिवशी डोंगरात सकाळपासून ऊन होतं. पुढचं मला नंतर थोडं सिस्टरच्या तोंडून आणि थोडं जीपवाल्याकडून कळलं.

भात कापायला गेलेल्या एका माणसाला शेतात छातीत कळ आली. चाळिशीतला, धडधाकट माणूस. बायको आणि भाऊ त्याला धरून दवाखान्यात घेऊन आले. घामानं अंगरखा ओला झालेला. सिस्टरनं त्याला झोपवलं, छातीला वायरी लावल्या, पिशवी सोडली, गोधडी काढली, दोन्ही वायरी जोडल्या. मी शिकवलं होतं तसंच. संगणक सुरू झाला, नेट आलं आणि पडदा लाल झाला.

हे यंत्र चोरीचे आहे.

भाऊ शिकलेला होता. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. "सिस्टर, ह्ये चोरीचं हाय व्हय?"

तिनं बटणं दाबून बघितली, बंद करून परत चालू केलं. पुन्हा तेच. खालचा नंबर तिला तोंडपाठ होता. ती देवळाच्या पायरीपर्यंत पळत गेली आणि तिथून मला फोन लावला.

माझ्या खोलीत तेव्हा पाहुणे उभे होते. सेक्रेटरीसाहेब हिरव्या ठिपक्यांकडं बोट दाखवून सांगत होते की एक माणूस एका खुर्चीत बसून चारही दवाखाने सांभाळतो. टेबलावरचा फोन थरथरला. पडद्यावर तिचं नाव. मला वाटलं, नेटची तक्रार असेल. मी फोन उचलून पालथा ठेवला. पाहुणीबाई माझ्याकडं बघून हसल्या, मीही हसलो. फोन पुन्हा थरथरला. मी त्याच्यावर हात ठेवला.

मग तिनं भोरच्या डॉक्टरांना लावला. डॉक्टर म्हणाले, "आलेख पाठवा, आलेख बघितल्याशिवाय काय सांगू? काकांना फोन करा, ते उघडून देतील." ती परत पळत दवाखान्यात गेली, पेशंटला बघून आली, परत पायरीवर आली, परत मला लावला. शेवटी तिनंच जीप बोलावली. मार्गासनीच्या अलीकडं तो माणूस गेला. जीपवाला म्हणाला की सिस्टरनं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि एका हातानं फोन लावतच होती.

डॉक्टर नंतर मला एकट्याला म्हणाले, "आलेख आला असता तरी सांगता येत नाही. कदाचित तसाही गेला असता." ते वाक्य मी पुष्कळ दिवस जिभेखाली धरून ठेवलं. कदाचित. तसाही. आता त्याची चव गेली आहे.

पाहुणे जेवायला गेल्यावर मी फोन सरळ केला. किती वेळा आला होता ते बघितलं आणि मला सगळं एकदम समजलं. पहिलं काम मी काय केलं? तो ठिपका यादीत परत घातला. एक बटण. कुलूप उघडलं, लाल पडदा गेला आणि भिंतीवर डोंगरातला ठिपका हिरवा झाला. त्या खोलीत कुणी नव्हतं. पेशंट जीपमध्ये, सिस्टर जीपमध्ये. रिकाम्या खोलीत तो संगणक चालू होता आणि इकडं भिंतीवर त्याचा हिरवा ठिपका शांतपणे जळत होता. मी त्याच्याकडं बघत बसलो. बऱ्याच वेळानं फोन लावला, तर उचलणारं कुणी नव्हतं.

चौकशी झाली ती सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत. ते, डॉक्टर, मी आणि सिस्टर. तिनं दवाखान्याचीच पांढरी साडी नेसली होती, इस्त्री करून.

साहेबांनी मला विचारलं, "मशीन का चाललं नाही?"

मी म्हणालो, "बरेच दिवस सेंट्रलला दिसत नव्हतं, साहेब."

"का?"

"वायर काढून ठेवलेली होती."

यातला शब्दन् शब्द खरा होता. साहेब तिच्याकडं वळले. "वायर काढून ठेवा असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं काचा पुसू लागलो. काचा स्वच्छ होत्या, तरी पुसत राहिलो. शेवटी चष्मा घातला तेव्हा ती माझ्याकडं बघत नव्हती.

"विजा व्हत्या, साहेब," ती म्हणाली. तेवढंच.

डॉक्टरांनी विचारलं, "पण ते चोरीचं यंत्र असं काहीतरी आलं म्हणतात, ते काय?"

"तो ठरलेला मजकूर असतो," मी म्हणालो. "संपर्क तुटला की येतो." हे मात्र धडधडीत खोटं होतं. संपर्क तुटून तो येत नसे. मी यादीतून काढल्यामुळं आला होता. त्या खोलीत हे ताडून बघू शकणारा माणूस मी एकटाच होतो आणि मीच साक्ष देत होतो.

तिच्याकडून राजीनामा घेतला. पण खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं. तो लाल पडदा त्या भावानं वाचला होता, दारात जमलेल्या माणसांनी बघितला होता. गावात बोललं जाऊ लागलं की सिस्टरनं दवाखान्याचं चांगलं मशीन विकलं आणि चोरीचं आणून ठेवलं, म्हणून ऐन वेळी ते बंद पडलं. आधी एका गावात, मग एसटीबरोबर खालपर्यंत. ट्रस्टनं ते खोडलं नाही, कारण खोडायचं तर मग खरं काय ते सांगावं लागलं असतं. मी तर कानावर आलंच नाही असं दाखवलं. पुढं दोनेक वर्षांत मी नोकरी सोडली.

छातीचा आलेख काढून घरी आल्यावर मी आठेक दिवस घराबाहेर पडलो नाही. मग एका सकाळी उत्रोलीला गेलो. आश्विनातलं आभाळ पुन्हा भरून येत होतं आणि शिवारात भात कापायची घाई चालली होती. ती वाफ्यात वाकून कापत होती. केस पांढरे झालेले. मला लांबूनच ओळखलं.

"या की काका. बांधावर बसा, तिकडं चिखल हाय."

मी बसलो आणि सांगायला लागलो. यादीतून मी काढलं, ते वाक्य मी लिहिलं होतं, फोन दिसत होता. ती विळा चालवतच होती. पेंढी बांधून झाल्यावर सरळ उभी राहिली.

"ह्ये मला काय सांगताय? मला ठाऊक न्हाई व्हय? तुमचाच नंबर व्हता त्याच्यावर."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुमी बोलाल. तुमी चष्मा पुसत व्हता तवर वाट बघितली म्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग घातला तुमी."

मी म्हणालो, "मी सगळं लिहून ट्रस्टला देतो."

"ट्रस्टला कशाला? ट्रस्टनं मला चोर म्हटलं न्हाई, नुसतं घालवलं. चोर गावानं म्हटलं." ती खाली वाकली, पुन्हा कापू लागली. "मागल्या वर्साला पोरीला बघायला मार्गासनीचं पाव्हणं आलं व्हतं. पोहे खाल्ले, पोरगी आवडली म्हणाले. मग निरोप आला. कुणीतरी त्यांच्या कानात सोडलं व्हतं, हिची आई तीच, चोरीच्या मशीनची. तुमास्नी काय लिहायचं ते लिवा काका. पर आधी तिकडं जाऊन सांगा. पारावर न्हाई, त्यांच्या घरी. ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरी."

"तुम्ही येता का बरोबर?"

तिनं मान वर केली आणि माझ्याकडं असं बघितलं की मी उठून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी नसरापूरहून वेल्ह्याची एसटी धरली. वेल्ह्यापुढं जीप. इतक्या वर्षांनी तो रस्ता डांबरी झाला होता, पण डोंगर तसेच अंगावर येणारे. गावात उतरलो तेव्हा मागच्या खिंडीत गडगडायला सुरुवात झाली होती. दवाखान्याची खिडकी उघडी होती. आत नवीन सिस्टर आणि टेबलावर नवीन संगणक, चालू.

न राहवून मी खिडकीतून म्हणालो, "बाई, गडगडतंय. वायर काढून ठेवा."

"न्हाई हो आजोबा," ती म्हणाली. "वरनं सांगितलंय, वायर काढायची न्हाई. काढली की लगेच मेसेज येतो."

कुणाचा, ते मी विचारलं नाही.

गेलेल्या माणसाचं घर देवळामागं होतं. त्याची बायको ओट्यावर सुपात नाचणी पाखडत बसली होती. ज्यानं पडदा वाचला तो दीर गोठ्यातून आला. मी कोण ते सांगितलं. भोरच्या दवाखान्यातला म्हटल्यावर त्या बाईनं आत हाक मारली, सुनेला असावी, "चा टाक गं, पाव्हणं आल्यात." आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

मग मी सांगितलं. सेंट्रल म्हणजे काय, ठिपका म्हणजे काय, हे जमेल तितक्या साध्या शब्दांत. मशीन चोरीचं नव्हतं, दवाखान्याचंच होतं. सिस्टरनं विकलं नव्हतं, बदललं नव्हतं. वायर काढायला तिला मीच शिकवलं होतं. कुलूप मी घातलं आणि ते वाक्य माझं. दीर ऐकत उभा होता. मध्येच म्हणाला, "म्हंजे तुमी भोरात बसून हितलं मशीन बंद केलं?"

"हो."

"कशापायी?"

"भिंत हिरवी दिसावी म्हणून."

त्याला ते कळलं नसावं. कुणाला कळेल? पण त्याच्या वहिनीनं सूप खाली ठेवलं होतं. ठिपका, कुलूप, सेंट्रल यातलं तिनं काहीच विचारलं नाही.

"सिस्टर पायरीवर जाऊन कुणाला फोन लावत व्हती तवा?"

"मला."

"तुमच्या फोनला रेंज व्हती न्हवं?"

"होती."

"वाजल्याला कळला?"

"कळला."

"मग?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. साहेबांनी नाही, डॉक्टरांनी नाही. मी स्वतःला विचारायचो ते बटणाबद्दल. मी म्हणालो, "पाहुणे होते. मला वाटलं तक्रार असेल."

ती माझ्याकडं बघत राहिली. खिंडीत पुन्हा गडगडलं, या वेळी जवळ. मग ती दिराकडं वळली.

"आपून त्या बाईला काय काय बोललो रं?"

दीर खाली बघत होता.

"सांग की. म्या बोलले, तू बोललास, साऱ्या गावानं बोललं. तिनं माझ्या मालकाचं डोकं मांडीवर धरलं व्हतं." ती उठली, लुगडं झाडलं. "नंबर हाय का तिचा?"

माझ्याकडं होता. मी कागदावर लिहून दिला. दिरानं आकडे दोनदा विचारून घेतले. ती दोघं देवळाकडं निघाली. आतला स्टोव्ह बंद झाला. चहाचा वास ओट्यापर्यंत आला होता, पण चहा बाहेर आला नाही, आणि तो येणार नाही हे मला समजत होतं.

ओट्यावरून देवळाची पायरी दिसत होती. दिरानं फोन लावून तिच्या हातात दिला. ती माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. वारा सुटला होता आणि शब्द एकही ऐकू येत नव्हता. बराच वेळ ती काहीतरी बोलत होती, मग बराच वेळ नुसती ऐकत होती. एकदा तिनं मोकळा हात कपाळाला लावला. जीपवाला पाऊस येतोय म्हणून हॉर्न वाजवायला लागला.

मी उठलो. त्यांच्यासमोरूनच जावं लागलं. तिनं वळून बघितलं नाही आणि मी थांबलो नाही.